पुलावरचे सर गप्प का झाले?

अक्का, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत गावभागात राहते. २०१९ च्या पुरात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आठ घरं अडकली होती. दूध कुठं मिळतंय, बोट कुठवर येतीय, कुणाची बीपीची गोळी संपलीय, एवढंच कळवायला तेव्हा आम्ही व्हॉट्सॲपवर गट केला. पूर ओसरला, गट तसाच राहिला. आता त्यात ४३१ माणसं आहेत. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, सगळीकडची. ॲडमिन मी एकटीच.

पावसाळा जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि आता तो पाण्यापेक्षा गटामुळं जास्त येतो. नात्यानं माझे चुलत सासरे लागणारे एक आबा आहेत. कुणी नुसतं 'आज पाऊस कमी आहे' लिहिलं तरी ते कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर येतात. मग दुसरे उत्तर देतात, मग पक्ष निघतात, मग जात निघते. रात्री दीडलासुद्धा आबांचे लांबलचक मेसेज असतात. दुसरा एक मुलगा आहे. पुण्यात असतो म्हणे, खरा कोण ते कुणालाच माहीत नाही. नावाच्या जागी नुसता एक ठिपका. पाणी चढायला लागलं की 'सूर्यवंशी प्लॉटची वार्षिक सहल निघाली का?' असलं काहीतरी टाकतो आणि भांडण पेटलं की गप्प बसून बघतो. एकदा काढला तर दुसऱ्या नंबरवरून आला. वर रोजची सुप्रभात, फुलं, 'पुढे पाठवा' वाले मेसेज आहेतच. गेल्या जुलैत एका रात्रीत सहाशे मेसेज झाले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ राहणारे एक सर रोज सकाळ-संध्याकाळ पुलावरची पातळी टाकायचे, ते पण हल्ली काही टाकत नाहीत.

आबांना काढलं तर भावकीत बोलणं होणार. मालक म्हणतात, गटच बंद करून टाक. त्यात कुणीतरी भीती घातलीय की गटात कुणी काही वाईट टाकलं तर केस ॲडमिनवर होते. मी काय करू?

तुमची,
गावभागातली एक ॲडमिन

*

बाई गं, तू मला अक्का म्हटलंयस, म्हणून मीही तुला 'तू'च म्हणते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आबा दिसले आणि तो ठिपका दिसला. दुसऱ्यांदा मी त्या सरांपाशी अडकले. आख्ख्या पत्रात त्यांच्या वाट्याला एक ओळ आलीय, तीही 'ते पण' म्हणून, फुलांच्या आणि सुप्रभातीच्या पंगतीत. माझ्या मते तुझ्या गटाचं खरं नुकसान त्या एका ओळीत आहे. सहाशे मेसेजचा वैताग येतो, पण ते अंगठ्यानं वर सरकवता येतात. जो आकडा कुणी टाकलाच नाही, तो कुठं सरकवून शोधणार?

सांगलीकराला पूर फुटांत कळतो. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि तेव्हापासून तर प्रत्येक घराचा आपापला हिशेब ठरलाय. इतक्या फुटाला पायरीला लागतं, इतक्याला सिलिंडर वर न्यायचा, इतक्याला म्हातारीला घेऊन बाहेर पडायचं. सरकारी आकडा येतोच, तो यायलाच हवा. पण ओळखीच्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून 'सायंकाळी ५, ३६ फूट ४ इंच, दुपारपासून तीन इंच वाढ' असं लिहिलं की दत्तनगरातली बाई त्यावर फ्रीज उचलायचा का नाही ते ठरवते. असा माणूस गटात असणं म्हणजे काय, ते त्या बाईला विचार.

आता एक काम कर. गेल्या जुलैतले मेसेज मागं जाऊन वाच. सरांचा शेवटचा आकडा कुठल्या दिवशीचा आहे बघ, आणि त्याच्या खाली काय आहे तेही बघ. मी पैजेवर सांगते, तिथं कुणीतरी 'सर, चष्मा बदला' असलं काहीतरी लिहिलेलं असेल, नाहीतर 'सरकारी आकडा वेगळा आहे, उगीच लोकांना घाबरवू नका', आणि त्याखाली दहा-पंधरा हसरी तोंडं. टोमणा एकानंच मारला असेल. पण चारशेच्या वर माणसांनी तो वाचला आणि 'सर, आम्हाला तुमचा आकडा लागतो' एवढं लिहायला कुणी पुढं आलं नाही. तूही आली नाहीस. रागवू नकोस, तेव्हा तू आबांची आग विझवत असशील. गडबड करणाऱ्याकडं सगळ्यांचं लक्ष असतं, आणि कामाचा माणूस मागच्या दारानं निघून जातो. बरं, हल्ली गट सोडला तरी सूचना फक्त ॲडमिनला जाते. सरांनी तर गटही सोडलेला नाही. नुसतं लिहायचं सोडलंय. त्याची सूचना कुणालाच येत नाही.

सरांकडं मी परत येणार आहे. आधी ती केसची भीती काढून टाकू.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ सालीच सांगितलंय की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, केवळ ॲडमिन आहे म्हणून, कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचं आधीपासून संगनमत होतं असं दिसावं लागतं. मजकूर पडायच्या आधी तो अडवणं ॲडमिनच्या हातात नसतं, हे न्यायालयानं मानलं. तेव्हा रात्री शांत झोप. एवढंच ध्यानात ठेव की दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय ॲडमिनला त्या निकालानंतर, २०२२ मध्ये मिळाली. धर्मावरून, जातीवरून डोकी फिरवणारं काही डोळ्यांसमोर आलं आणि तू ते चार दिवस तसंच राहू दिलंस, तर कोर्टाचं नंतर बघू, गल्ली आधी तुलाच विचारेल. पुसून मोकळी हो. खोट्या इशाऱ्यांसाठी आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये ५४ वं कलम आहे. आपत्तीबद्दल घबराट पसरेल असा खोटा इशारा देणाऱ्याला किंवा फिरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. हे गटाच्या वर्णनात एका ओळीत लिहून ठेव. भांडणात कुणाच्या अंगावर फेकू नकोस. कलमं फेकायला लागलेल्या ॲडमिनला लोक मनातून फौजदार म्हणायला लागतात, आणि मग खरं कुणी काही सांगत नाही.

आता आबा.

तू 'रात्री दीडलासुद्धा' असं वैतागून लिहिलंयस. मी ते जरा वेगळं वाचलं. आबांचं घर कुठं आहे ते तू लिहिलं नाहीस, पण खालच्या अंगालाच असणार असं माझं मन सांगतं, आणि २०१९ ला त्यात पाणी किती दिवस होतं ते तुझ्या मालकांना विचारून घे. जुलैत पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की या गावात कितीतरी म्हातारी माणसं रात्री उठून बसतात. कुणी बॅटरी घेऊन घाटावर चक्कर मारून येतं, कुणी माळ ओढत बसतं. आबा अलमट्टीवर लिहितात.

आणि अलमट्टी त्यांनी हवेतून काढलेली नाही. धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी ५१९.६० मीटर आहे, कर्नाटकाला ती ५२४.२५६ पर्यंत न्यायचीय, आणि पूर वाढेल म्हणून सांगली-कोल्हापूरचा त्याला विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, आणि ते इथल्या पुष्कळ लोकांच्या गळी उतरलं नाही. हा वाद घालण्यासारखाच वाद आहे. ज्याचं घर दोनदा पाण्याखाली गेलंय त्यानं तो नाही घालायचा तर कुणी घालायचा? फक्त पाणी ३८ फुटांवर असताना, रात्री अकराला, जिथं कुणीतरी 'ट्रॅक्टर मिळेल का, आई चालू शकत नाही' असं विचारतंय, तिथं तो घालायचा नाही. आबांचा विषय बरोबर आहे. जागा आणि वेळ चुकतीय. ज्याची फक्त जागा चुकलीय त्याला हाकलायचं नसतं, दुसरी जागा करून द्यायची असते.

म्हणून त्यांच्या घरी जा. दुपारची झोप झाल्यावर, चहाच्या वेळेला. मालकांना बरोबर नेऊ नकोस, नाहीतर ते शिष्टमंडळ वाटेल. जाताना भडंगाचा पुडा ने. पहिल्यांदा गटाचं नावही काढू नकोस. '२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं आबा, भिंतीवर दाखवा की,' एवढंच म्हण. ते उठतील, हात वर करून दाखवतील, मग कपाटातला भिजलेला अल्बम निघेल. वीस-पंचवीस मिनिटं जातील. जाऊ देत. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंय का, सांग मला.

मग काम दे. खोटं, लहान पोराला गुंतवायला देतात तसलं नको. खरं, गटाला लागणारं काम. आपले लोक क्युसेक्स आणि टीएमसी एका दमात म्हणतात आणि एका दमात घाबरतात. कोयनेतून एवढे हजार क्युसेक्स सोडले, असं आलं की निम्म्यांना वाटतं आता रात्रीतून धरण रिकामं होणार. क्युसेक्स म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय ते, आणि टीएमसी म्हणजे एकूण शंभर कोटी घनफूट साठा, हे कुणीतरी सावकाश सांगायला हवं. ११,५७४ क्युसेक्सचा विसर्ग सलग चोवीस तास चालला तर एक टीएमसी होतो. म्हणजे ५० हजार क्युसेक्स दिवसभर सुटले तर साधारण सव्वाचार टीएमसी, आणि कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. कागदावर गुणाकार केला की घाबरायचं किती आणि तयारी किती, हे माणसाला कळतं. तसंच कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि तिथून खाली आपल्याकडं. वारणेचं म्हणजे चांदोली धरणाचं पाणी मात्र हरिपूरला, आपल्या पुलाच्या खाली मिळतं आणि तिथून फुगवटा मागं धरतं. 'चांदोलीतून सोडलं' आणि 'कोयनेतून सोडलं' हे दोन वेगळे निरोप आहेत. आबांना हे सगळं येतं. तुला येत नसेल, मलाही उतारवयातच कळलं. त्यांना आठवड्यातून एकदा हे लिहायला सांग, पावसाळ्याच्या आधी. जो माणूस दीड वाजेपर्यंत जागून लिहू शकतो, तो दुपारी चारला बसून चांगलं लिहील.

पण निघताना एक गोष्ट सरळ सांगायचीच. गोडीगुलाबीत गुंडाळून नाही. 'आबा, त्या रात्री तुमच्या मेसेजांखाली एकाचा मदतीचा मेसेज गेला. पाऊण तास कुणाला दिसला नाही.' असं खरंच झालं असेल तरच म्हण. झालं असणारच, सहाशे मेसेजच्या रात्री होतंच. चार माणसांत कधीच म्हणू नकोस. चार माणसांत वडीलधाऱ्याला सुनेनं टोकलं की त्यांच्याकडं भांडण्याशिवाय काही उरत नाही.

ठिपक्याचं गणित निराळं.

ट्रोल हा शब्द आता आपण मराठीच करून टाकलाय. मूळ इंग्रजीत त्याला मासे धरण्याचा एक अर्थ आहे. चालत्या होडीमागं गळ ओढत न्यायचा आणि कोण तोंड घालतं ते बघायचं. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. मराठी लोक नेटवर १९९६ पासून मायबोली आणि पुढं मिसळपाव या संकेतस्थळांवर भांडत आलेत, तिथल्या जुन्या मंडळींनी या जातीच्या माणसांसाठी सगळी शब्दसंपदा तयार करून ठेवलीय. काडी टाकणारा, पिंक टाकून पसार होणारा, हाकलला की डू आयडी, म्हणजे दुसऱ्या नावाचं खातं, घेऊन परत येणारा. तुझा ठिपका एकटाच या तिन्ही पदांवर आहे.

आबा कोण आणि ठिपका कोण, हे ओळखायची माझी एक साधी परीक्षा आहे. गटात काही न बोलता वेगळा मेसेज करायचा. 'तुमच्या या लिहिण्यानं काही जणांना त्रास झालाय, जरा थांबाल का?' आबांसारखा माणूस यावर फोन करेल, तणतणेल, 'आम्हाला शिकवू नका' म्हणेल, पण दुसऱ्या दिवशी थोडा नरमेल. ठिपक्यासारखा माणूस तुझ्या त्या मेसेजचा फोटो काढून गटात टाकेल आणि खाली लिहील, 'बघा, ॲडमिनबाईंची दादागिरी'. ज्याला बोलायचंय तो एकट्यात बोलायला तयार असतो. ज्याला तमाशा हवाय त्याला एकट्यात करमत नाही.

त्याला उत्तर देऊ नकोस, समजावू नकोस, आणि काढताना निरोपाचं भाषण तर मुळीच करू नकोस. 'खूप सहन केलं, शेवटी नाइलाजानं…' वगैरे लिहिलंस की तो दिवसभराचा विषय होतो, आणि त्याचा एखादा पाठीराखा उठून लोकशाही काढतो. मेसेज पूस, नंबर काढ, आणि पुढच्या मिनिटाला कामाचं काहीतरी टाक. दूधवाला आलाय, टाकीत पाणी किती वाजता येणार, काहीही. तो परत कसा आला ते मी सांगते. निमंत्रणाची जुनी लिंक अजून कुठंतरी फिरतीय. ती आजच बदल. नव्या सदस्याला ॲडमिनच्या मंजुरीशिवाय आत येता येणार नाही, अशी सोय २०२३ पासून आहे, ती चालू कर. मंजुरी देताना दोनच प्रश्न: कुठल्या गल्लीतले, आणि गटातल्या कुणाच्या ओळखीचे. ठिपक्याला दोन्हींचं उत्तर देता येणार नाही.

तो कोण आहे याचा शोध मात्र लावायला जाऊ नका. गल्लीतली पोरं 'नंबर द्या, बघतो त्याला' म्हणत असतील. त्यांना आवर. गटातल्या बायकांना तो खाजगीत काही पाठवत असेल तर गोष्ट वेगळी. मग स्क्रीनशॉट ठेवायचे आणि सरळ पोलिसांत जायचं, ते गटात मिटवायचं प्रकरण नव्हे.

राहिले ते 'पुढे पाठवा' वाले. इथं मला माझंच सांगायला लागणार.

२०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये मी मिरजेत होते. आमच्याकडं पाणी नव्हतं, लाइट होती, फोन चार्ज होता, आणि हाताला काही काम नव्हतं. 'आज मध्यरात्री धरणातून दुप्पट पाणी सोडणार, कृपया सर्वांना कळवा' असा एक मेसेज आला आणि मी तो घरच्या गटात टाकला. काळजीनंच टाकला. भिलवडीतल्या माझ्या मावशीनं तो वाचला. चौऱ्याहत्तरची बाई, गुडघे गेलेले. त्या रात्री ती लाकडी जिन्यानं माळ्यावर चढली आणि सकाळपर्यंत तिथंच पोत्यावर बसून राहिली. मेसेज खोटा होता. पाणी तिच्या घरात नंतर आलंच, पण त्या रात्री नाही, आणि माळ्यावरून उतरताना तिचा पाय मुरगळला तो पुढं सहा महिने दुखला.

गटात मला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी विचारलं, 'मावशी, ते कुठून आलं होतं तुला?' मला सांगता आलं नाही. कुणी पाठवलं ते आठवत होतं, पण त्याला कुणी पाठवलं? मी गप्प बसले. त्यानंतर आजपर्यंत कुठलाही मेसेज पुढं ढकलताना भाच्याचा तो आवाज कानात येतो. त्यानं चार माणसांत मला खोटारडी म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि पुढचा मेसेज मुद्दाम टाकला असता. माझा स्वभाव मला माहीत आहे.

म्हणून तुझ्या गटातल्या या मंडळींना शिक्षा करू नकोस, तोच प्रश्न विचार. कुठून आलं, आणि कधीचं आहे? कोयनेच्या सहाही दरवाजांतून धो-धो पाणी पडतानाचा व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्यानं फिरतो, आणि बऱ्याचदा तो मागल्या कुठल्यातरी वर्षाचा असतो. दरवाजे तेच, धरण तेच, ओळखणार कसं? तारीख आणि वेळ नसलेला व्हिडिओ गटात राहू द्यायचा नाही, एवढा एक नियम निम्मं काम करतो.

अफवा पुरापुरतीच थांबत नाही, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये जत तालुक्यात लवंगा गावी मथुरेच्या चार साधूंना पोरं पळवणारी टोळी समजून लोकांनी बडवलं. ते जिवंत राहिले. त्याच्या आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असल्याच संशयावरून जमावानं पाच जणांना मारून टाकलं. ती भिक्षुकी करत फिरणारी माणसं होती, बहुतेक आपल्याच शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी मेसेज पुढं पाठवायला बंदी घातली. पण पाच ठिकाणं थोडी नव्हेत. तुझा ४३१ जणांचा गट त्या पाचांपैकी एकच धरला जातो.

सुप्रभातवाल्यांना काही करू नकोस. ती एकटी माणसं असतात, सकाळी उठल्याचं कुणालातरी कळवतात. एखाद्या दिवशी त्यांचं फूल आलं नाही तर दार वाजवून ये.

आता घडी कशी बसवायची ते. आहे तो गट मदतीसाठी आणि गल्लीच्या कामासाठी ठेव. पातळीसाठी वेगळा गट काढ, त्यात फक्त ॲडमिन लिहू शकतील अशी सेटिंग असते, ती लाव. सगळे वाचतील, पाच-सहा जण लिहितील. आणि तिसरा कट्टा. तिथं अलमट्टी, निवडणूक, फुलं, सगळं चालेल. कट्ट्याचा कारभार आबांकडं दे. हसू नकोस, मी गंभीरपणे सांगतेय. सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांची भांडणं सोडवायला लागली की माणूस स्वतः जरा जपून लिहितो. जातीवर, धर्मावर, बायकांवर घसरला की तिथंही बाहेर, मग तो आबांचा जावई का असेना. तिन्ही गट एका छताखाली बांधायची सोय २०२२ पासून आहे, कम्युनिटी म्हणतात तिला. गल्लीतला कुठलाही कॉलेजचा पोरगा दहा मिनिटांत करून देईल.

एकटी ॲडमिन राहू नकोस. आणखी दोघं घे. एक भावकीच्या बाहेरचा हवाच, म्हणजे उद्या कुणाला काढलं तर 'सुनेनं काढलं' असं होणार नाही, 'तिघांनी ठरवलं' असं होईल. आणि एक जण विश्रामबागेतला नाहीतर मिरजेतला, उंचावरचा घे. पूर आला की गावभागातली लाइट जाते, तुझा फोन बंद पडतो, आणि नेमका त्या वेळी गट वाऱ्यावर जातो. ज्याच्या घरी पाणी येणार नाही अशा माणसाच्या हातात किल्ली असलेली बरी.

हे सगळं मृग निघायच्या आत कर. पूर अंगावर असताना नियम लावलास तर ज्याला लागला तो म्हणणार, 'माझ्यासाठीच काढला'. आत्ता नदीत वाळू दिसतीय, कुणी कुणाशी भांडत नाही. आत्ता लावलेला नियम सगळ्यांचा होतो. फार लांब लिहू नकोस. मी लिहिला असता तर एवढाच: 'आकडा टाकताना कुणी पाहिला आणि किती वाजता ते लिहा. जुने व्हिडिओ नकोत. मदत मागणाऱ्याच्या मेसेजखाली दुसरा विषय नको. वाद कट्ट्यावर.' बास.

आणि गट बंद कर म्हणणाऱ्या मालकांना माझा निरोप सांग, म्हणावं आधी नदी बंद करता येते का बघा, मग गटाचं ठरवू.

आता सर. खरं तर सगळ्यात आधी तू त्यांच्याकडंच जायचंस, आबांच्याही आधी. फोन करू नकोस. फोनवर ते 'छे छे, तसं काही नाही, वेळ मिळत नाही' म्हणतील आणि तू ते खरं धरशील. चष्म्याचा विषय तूच काढ. 'त्या दिवशी मी काही बोलले नाही, चुकलं माझं,' हे तुझ्या तोंडून जायला हवं. मग पातळीच्या गटाचे ॲडमिन व्हा म्हण. त्यांच्या आकड्याखाली आता ॲडमिन सोडून कुणालाच काही लिहिता येणार नाही, हेही सांग.

घरी जाशील तर संध्याकाळी पाचला जाऊ नकोस, सापडायचे नाहीत. इतक्या वर्षांची सवय, लिहायचं सोडलं म्हणून बघायचं सुटत नाही. सरळ पुलावर जा, कठड्यापाशी उभे असतील. आज किती, असं विचार.

तुझी,
अक्का